डावरीचं स्टूल

“मूठ वळ. आता सोड. परत वळ.”

पोरीने मूठ वळली, सोडली, परत वळली. पट्टीवाल्याने तिच्या बोटांच्या मुळांवरून अंगठा फिरवून पट्टीला कुठे सुरकुती राहिली आहे का ते पाहिलं. राहिली नव्हती. तीस वर्षांत त्याच्या हातून पट्टीला सुरकुती पडली नव्हती आणि आजही पडणार नव्हती. बाकी कशाचा भरवसा नसला तरी स्वतःच्या हातांचा त्याला होता.

“काका, उजवीकडे घट्ट झालंय.”

“घट्ट नाही झालेलं. तू घाबरलीयस म्हणून तसं वाटतंय. दहा मिनिटांनी विचारतो. तेव्हाही घट्ट असेल तर सोडून परत बांधीन.”

पोरगी हसली. बॉक्सिंगच्या जिममध्ये सगळे तिला काडी म्हणत. चौदाव्या वर्षी आली तेव्हा हातपाय खरंच काड्यांसारखे होते. आता ती चोवीस वर्षांची होती, सत्तावन्न किलोंच्या गटात लढत होती, आणि त्या हातांना काडी म्हणणं ही थट्टाच होती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. पट्टीवाल्याचं तरी काय, तो नोकरीला होता इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत. हाडं मोडलेल्यांना प्लास्टर घालायचं आणि काढायचं, हे त्याचं काम. जिमच्या लोकांनी मात्र त्याला पट्टीवालाच करून टाकलं होतं.

कपडे बदलायची ती खोली अरुंद होती. एक लांब बाक, भिंतीत एक आरसा, आणि कोपऱ्यात ठिबकणारा नळ. बाकाखाली त्याने आपलं सामान मांडून ठेवलं होतं. कापसाचे बोळे, व्हॅसलीनची डबी, बर्फाची पिशवी, गालावरची सूज दाबायची लोखंडी चकती आणि एक ठेंगणं लाकडी स्टूल. स्टूल जुनं होतं. इस्पितळाने टाकून दिलेलं ते त्याने घरी आणून पाय कापून बुटकं केलं होतं. त्याच्या बायकोच्या प्रत्येक लढतीला ते गेलेलं होतं.

दार वाजलं आणि पंच आत आले. त्यांनी दोन्ही हातांच्या पट्ट्या दाबून पाहिल्या, चिकटपट्टीवर सही केली आणि वही काढून विचारलं, “मधेच थांबवायची वेळ आली तर तुमच्या कोपऱ्यातून कोण सांगणार?”

पट्टीवाल्याने दाराशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या मुलाकडे बोट दाखवलं. म्हातारे मास्तर गेल्यापासून जिम तोच चालवत होता. पोरीला शिकवणारा तोच, तेव्हा सांगणारही तोच, हे उघड होतं.

“नाही,” काडी म्हणाली. “काका सांगणार.”

“अगं, मी पट्टीपुरता आलोय.”

“काका सांगणार. तसं लिहा.”

पंचांनी मास्तरांच्या मुलाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. म्हणाला, महिनाभर हेच चाललंय, मी हात टेकले. पंचांनी लिहून घेतलं आणि ते गेले. पट्टीवाला खाली वाकून सामान पुन्हा मांडू लागला. ते आधीच नीट मांडलेलं होतं.

एकदा, अठरा वर्षांपूर्वी, त्याच्या तोंडच्या एका शब्दाने एक लढत थांबली होती. आजच्यासारखाच विजेतेपदाचा पट्टा पणाला होता, हाच गट होता, आणि रिंगणात त्याची बायको होती.

तिला सगळे डावरी म्हणत. डाव्या हाताची होती म्हणून. पट्टीवाल्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते प्लास्टरच्या खोलीत, डावा पंजा सुजून भोपळा झालेला असताना. कशावर आपटला, असं त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

“एकीच्या डोक्यावर.”

त्याने मान वर केली. सव्वीस वर्षांचा होता, आगाऊ होता. म्हणाला, “सासूच्या?”

“लग्नच नाही तर सासू कुठली?” ती म्हणाली. “कपाळ मधे घातलं तिने. मी हनुवटीच बघून मारला होता.”

त्याने प्लास्टर घातलं, सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. तिसऱ्या आठवड्यात ती परत आली तेव्हा प्लास्टर घामाने भिजून लिबलिबीत झालं होतं. रोज दोरीवरच्या उड्या चालूच होत्या. तो चिडला. ती ऐकून घेत राहिली आणि त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाली, मास्तर पट्टी बांधतात ती दोन फेऱ्यांत सैल होते, तुझी तीन आठवडे हलली नाही. रविवारी जिममध्ये येशील का?

तो गेला. पुढे दर रविवारी गेला.

ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या विभागात कामाला होती. सकाळी सहा ते दोन इस्त्री, मग जिम. तिच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. लग्नाची गोष्ट काढायला पट्टीवाला घरी गेला तेव्हा आईने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून स्पष्ट विचारलं होतं की हिचं नाक फुटलेलं आहे, हे ठाऊक आहे ना?

“दोनदा फुटलंय,” तो म्हणाला. “दुसऱ्या वेळी मीच पट्टी मारली.”

आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी मान खाली घालून हसत होती. तिथेच लग्न ठरलं.

तिची पहिली व्यावसायिक लढत बाजाराच्या गोदामात झाली होती. समोरची ठरलेली बाई आलीच नाही, म्हणून आयत्या वेळी सात किलो जड बाई उभी केली. मास्तर नको म्हणत होते. डावरी म्हणाली, आले आहे तर लढून जाते. त्या दिवशी ती हरली, पण कोपऱ्यातली एक रीत तिथेच ठरून गेली.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी तिच्या दोन्ही डोळ्यांत घाम आणि रक्त उतरलं होतं. घंटा झाली, पण आपला कोपरा कुठला हे तिला दिसेना. लोकांचा गलका एवढा की हाक मारून उपयोग नव्हता. पट्टीवाल्याला काही सुचलं नाही. हातातलं स्टूल त्याने रिंगणाच्या फळ्यांवर दोनदा आपटलं. कानाने नव्हे, तळपायांनी ते तिला कळलं. ती वळली आणि सरळ येऊन बसली.

त्यानंतर प्रत्येक लढतीत तसंच. घंटा झाली की तो दोनदा स्टूल आपटायचा आणि ती यायची. तोंडाने काही सांगायची गरज कधी पडली नाही. इतकी सवयीची गोष्ट झाली की त्याचं त्याला लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या कुणाचं लक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिली हरल्यानंतर डावरी पाच लागोपाठ जिंकली. मग एक हरली, मग चार जिंकल्या. रविवारच्या पानावर तिचा फोटो आला तेव्हा लाँड्रीच्या मालकाने तो कापून इस्त्रीच्या टेबलामागे लावला आणि खाली लिहिलं, घड्या मोडल्यास तक्रार हिच्याकडे करावी. मुलगी झाली तेव्हा दीड वर्ष ती थांबली. सगळ्यांना वाटलं की आता आटोपलं. मुलगी चालायला लागली त्या आठवड्यात ही पुन्हा दोरी घेऊन जिममध्ये हजर झाली. मास्तर म्हणाले, बाई, वजन किती वाढलंय? ती म्हणाली, मास्तर, तुमचंही वाढलंय, मी काही बोलले का?

वीस लढती, सोळा विजय. तेहतिसाव्या वर्षी पट्ट्यासाठी तिचं नाव लागलं. दहा फेऱ्या.

पट्टीवाल्याला ती लढत फेरीगणिक पाठ होती. पहिल्या तीन फेऱ्या डावरीच्या. चौथीत डोक्याला डोकं लागून तिची डावी भुवई फाटली. पाचवीत त्याने रक्त थांबवलं, सहावीत ते पुन्हा सुटलं. सातवीत समोरच्या बाईचा उजवा हात तीनदा तिच्या डाव्या कानशिलावर बसला. घंटा झाली. त्याने स्टूल आपटलं. ती आली, पण बसली नाही. दोर धरून उभी राहिली, समोरचीला दाखवायला की मी दमलेली नाही. म्हणून त्याने स्टूल उचलून पुन्हा हातात घेतलं. दुसऱ्या हाताने भुवईवर बोळा दाबला, मग त्याच हाताने, इस्पितळात डॉक्टर करतात तसं तिच्या डोळ्यांसमोरून बोट नेलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

उजवा डोळा बोटाबरोबर आला. डावा मागे राहिला. पुढे गेलेल्या माणसांना गाठायला कुणी लगबगीने यावं, तसा जरा वेळाने आला.

त्याने पुन्हा बोट नेलं. पुन्हा तसंच.

पंच कोपऱ्यात येऊन उभे होते. “काय करायचं? चालू ठेवायची?”

“बस,” पट्टीवाला म्हणाला.

पंचांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले आणि लढत संपली.

डावरीला क्षणभर काही समजलंच नाही. समजलं तेव्हा ती त्याच्याकडे वळली. तिचा तो चेहरा पट्टीवाल्याने आधी कधी पाहिला नव्हता. मग त्याचं लक्ष आपल्याच हातातल्या स्टुलाकडे गेलं.

“अगं, मी तुला म्हणालो,” त्याने स्टूल वर केलं. “खाली बस म्हणालो.”

पंचांनी हात हलवला तो हलवला, आता परत घेता येत नव्हता. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चौकट आली की नवरा बायकोला बस म्हणाला आणि लढतच बसली. आठवडाभर लोक त्याला रस्त्यात थांबवून हसत होते. त्याने कुणालाही खरं सांगितलं नाही. गुण देणाऱ्या पंचांच्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा कळलं की तिघांपैकी दोघांच्या हिशेबी डावरी बरीच पुढे होती. उरलेल्या तीन फेऱ्या ती नुसती उभी राहिली असती तरी पट्टा तिचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. आत सूज होती, ती महिन्याभरात उतरली. पट्टीवाल्याने डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं की पुढे लढली असती तर काय झालं असतं? डॉक्टर म्हणाले, कदाचित काही झालं नसतं, कदाचित डोळा गेला असता. आता ते कुणी सांगू शकणार नाही.

ते “कदाचित” त्याच्या मनातून जाईना. डोळा नक्की गेला असता, असं डॉक्टर म्हणाले असते तर त्याने घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं असतं की मी बस म्हणालो ते पुरे याच अर्थाने म्हणालो. पण एका कदाचितसाठी तिचा पट्टा घालवला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. त्या लढतीनंतरच्या तिसऱ्या सकाळी, डोळ्याला पट्टी असतानाच, तो कपात चहा ओतत होता आणि ती म्हणाली, “पुरे.” मग म्हणाली, “आजपासून या घरात तो दुसरा शब्द बंद. पुरं झालं तर पुरे म्हणायचं. बसायचं असेल तर टेक म्हणायचं.”

“आणि बसने जायचं असेल तर?”

“गाडी म्हण. नाहीतर चालत जा.”

त्या दिवसापासून खरंच तो शब्द घरातून हद्दपार झाला. बसलो, बसली चालायचं, नुसतं बस चालायचं नाही. पाहुण्यांना टेका म्हटलं जायचं आणि पाहुणे भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मुलीने शाळेच्या निबंधात लिहिलं की आम्ही साडेआठच्या गाडीने जातो आणि मला खिडकीशी टेकायला आवडते. बाईंनी लाल शाईने विचारलं, बसायला जागा मिळत नाही का? तो निबंध डावरीने कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. ती हसायची तेव्हा पट्टीवालाही हसायचा. पण टेक म्हणताना तो तिच्याकडे बघायचं टाळायचा.

मास्तर म्हणाले, कोपऱ्यातला माणूस बदल. ती म्हणाली, मग पट्टी कोण बांधणार? पट्ट्याची लढत तिला पुन्हा मिळाली नाही. आणखी चार लढती ती लढली, तीन जिंकल्या. त्या अडीचतीन वर्षांत सरावाला ठोसे झेलायचे पॅड धरायला मात्र तिने मास्तरांना घेतलं नाही, नवऱ्यालाच उभं केलं. रोज संध्याकाळी ती त्याच्या तळव्यांवर अशी तुटून पडायची की मास्तर म्हणायचे, अगं, त्याला उद्या कामावर जायचंय. दोनदा त्याला स्वतःच्याच मनगटाला पट्टी बांधावी लागली. छत्तिसाव्या वर्षी तिने ग्लोव्हज खिळ्याला लावले आणि दुसऱ्या दिवसापासून पोरींना शिकवायला लागली. फाटके ग्लोव्हजही तीच शिवायची. चष्मा लावूनही पट्टीवाल्याला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा शर्टाच्या बटणासाठीही तो तिच्याकडे सुई घेऊन जायचा. ती न बघितल्यासारखं करून एका दमात ओवून द्यायची.

गेल्या वर्षी पोटाचा आजार निघाला आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. ज्या इस्पितळात तो तीस वर्षं राबला, तिथेच ती होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो चमच्याने तिला पाणी पाजत होता. जवळ कुणी नव्हतं. आता सांगितलं नाही तर मग कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्याने धीर केला.

“ती लढत,” तो म्हणाला. “सातव्या फेरीनंतर मी जे बोललो ना, ते...”

“पुरे,” ती म्हणाली.

पाणी पुरे म्हणतेय, असं समजून त्याने भांडं खाली ठेवलं, तिचे ओठ पुसले. तिने डोळे मिटले. पुन्हा धीर झाला नाही.

तिच्यानंतर अकरा महिने तो जिममध्ये फिरकला नव्हता. घरी फळीवर तिने अर्धवट शिवलेला एक ग्लोव्ह होता, सुई त्यातच खोचलेली. दोरा संपला होता. पुढचा ओवायला कुणी नव्हतं.

“काका,” काडी म्हणाली. “दहा मिनिटं झाली.”

“घट्ट आहे?”

“नाही.”

“मग चल.”

मोठ्या दिव्याखाली रिंगण पांढरंफटक दिसत होतं. काडीसमोरची बाई तीस वर्षांची, पट्टा दोनदा राखलेली, खांद्यांनी रुंद होती. पहिल्या फेरीत तिने काडीला दोरापर्यंत रेटत नेलं आणि बरगड्यांत दोन ठेवून दिल्या. घंटा झाली. पट्टीवाल्याने स्टूल दोनदा फळ्यांवर आपटलं. काडी वळून नेमकी येऊन बसली. मास्तरांचा मुलगा तिला पुढचं सांगू लागला, पट्टीवाला तिच्या गालांवर व्हॅसलीन फिरवू लागला. हातांना सगळं आठवत होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपण कुठे आहोत आणि काय करायचं आहे, हे स्वच्छ ठाऊक होतं.

तिसऱ्या फेरीपासून काडीला अंतर सापडलं. ती डावरीची शिष्या होती, तिला ताई म्हणायची. आत शिरताना डावा पाय जरा बाहेर टाकायचा आणि मग मारायचा, ही डावरीची लकब तिने उजव्या हाताची असूनही उचलली होती. ते पाऊल पडलं की पट्टीवाल्याला मागचं दिसायचं आणि तो मुद्दाम बर्फाच्या पिशवीकडे पाहायचा. सहाव्या फेरीअखेर मास्तरांचा मुलगा म्हणाला की आपण पुढे आहोत, फार नाही, पण आहोत.

सातव्या फेरीत रुंद खांद्यांच्या बाईने एक हात खालून काढला. तो काडीच्या डाव्या डोळ्याखाली बसला. लगेच दुसरा, तिथेच. काडी गुडघ्यावर गेली. पंचांनी आठपर्यंत मोजलं. ती उठली, उरलेली वीस सेकंदं दोराला धरून काढली. घंटा झाली.

त्याने स्टूल दोनदा आपटलं. ती आली आणि बसली. डोळ्याखाली फुगलं होतं, गालावर रक्ताची बारीक धार होती. तो गुडघ्यांवर बसला, चकती सुजेवर दाबली, बोळ्याने रक्त टिपलं. मागे पावलं वाजली. पंच आणि डॉक्टर दोघंही आले होते.

काडीने त्याचं मनगट धरलं. ग्लोव्हजमध्ये धरता येत नाही, तरी दोन्ही हातांत दाबून धरलं.

“काका, बस म्हणू नका.”

“नाही म्हणत. मान सरळ ठेव.”

“ताई म्हणाल्या होत्या,” ती धापा टाकत बोलत होती, “काका बसायचं कधी तोंडाने सांगत नाही. आपटतो. तो बस म्हणाला की समज, संपलं. मग वाद घालायचा नाही.”

पट्टीवाल्याने चकती उलटून पुन्हा दाबली. बोळा बदलायचा होता, तो त्याने बदलला. अठरा वर्षं, त्याच्या मनात आलं. चहा, निबंध, गाडी, टेका. वीस लढती ती त्याच स्टुलाच्या आवाजावर आली होती. त्याचं बस म्हणजे पुरेच होतं, हे तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं.

“काय करायचं?” पंचांनी विचारलं.

“थांबा,” तो म्हणाला. “मला बघू द्या.”

त्याने डोळे पुसले, काडीचे. मग बोट उभं केलं. या कानापासून त्या कानापर्यंत सावकाश नेलं आणि परत आणलं. दोन्ही डोळे बोटाबरोबर आले, मागेपुढे न होता, टोकापर्यंत. त्याने दुसऱ्यांदा नेलं. वर नेलं, खाली आणलं. मग तिला मागच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं. पाच वाजून वीस मिनिटं, ती म्हणाली, आणि घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.

“चालू दे,” पट्टीवाला पंचांना म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली. घंटा व्हायच्या आधी त्याने तिच्या तोंडात दातांचं रबर बसवलं आणि तिच्या कानाशी म्हणाला, “डोळा मागे पडला तर म्हणणार. कुणाचं ऐकणार नाही.”

काडीने मान हलवली. तिचे खांदे खाली आले. ती उठून गेली तेव्हा मघाशी घाबरून मनगट धरणारी पोर ती नव्हती. आपल्यामागे जागा माणूस आहे हे ठाऊक असलेली बाई होती.

आठवी फेरी तिने हात वर ठेवून पायांवर काढली. नववीत तिने डावा पाय बाहेर टाकून आत शिरत समोरचीला पहिल्यांदा मागे रेटलं. दहावीत दोघी रिंगणाच्या मधोमध उभ्या राहून लढल्या आणि लोक खुर्च्यांवरून उठले. प्रत्येक फेरीनंतर पट्टीवाल्याने स्टूल आपटलं, बोट फिरवलं आणि काही बोलला नाही. चिठ्ठ्या उघडल्या. तिघांपैकी दोघांनी काडीला विजय दिला होता.

खोलीत परतल्यावर तो तिच्या पट्ट्या कापू लागला. बाहेर मास्तरांचा मुलगा पेपरवाल्यांशी बोलत होता. पट्टा बाकावर टॉवेलशेजारी पडला होता.

“कधी म्हणाली ती?” त्याने विचारलं.

“ताई? इस्पितळात, मी भेटायला आले होते तेव्हा. म्हणाल्या, पट्ट्याची लढत मिळाली तर कोपऱ्यात माझ्या नवऱ्याला घे आणि थांबवायचा अधिकार त्यालाच दे. तो नाही म्हणेल. ऐकू नकोस.”

कात्री थांबली नाही.

“मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला त्याचा तेव्हा?” काडी म्हणाली. “तर म्हणाल्या, आला ना. दोन वर्षं. सगळा पॅडवर काढला.”

पट्टीवाल्याने नकळत आपलं उजवं मनगट चोळलं. मग त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते खोकल्यासारखं निघालं.

“आणि?”

“आणि काही नाही. म्हणाल्या, त्याच डोळ्याने मी अजून सुईत दोरा ओवते. त्याला सांगू नको, त्याला वाटतं मला माहीत नाही.” काडीने सोडवलेली बोटं उघडली, मिटली. “मी सांगायला नको होतं का, काका?”

“वेळेवर सांगितलंस,” तो म्हणाला. “जा. फोटोसाठी थांबलेत. डोळ्यावर बर्फ धरून जा, फोटो काढतानाच काढ.”

ती पट्टा खांद्यावर टाकून गेली. दार मिटलं. नळ ठिबकत होता. त्याने कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या, बोळे बादलीत टाकले, व्हॅसलीनच्या डबीला झाकण लावलं, चकती पुसून पिशवीत घातली. शेवटी स्टूल उरलं. ते काखोटीला मारून निघायचं, एवढंच काम होतं.

त्याने स्टूल बाकासमोर फरशीवर ठेवलं. मग उचललं आणि दोनदा आपटलं.

मग सावकाश, गुडघ्यांवर हात ठेवत, स्वतःच त्याच्यावर बसला.